पोटातले जीवाणू आणि पोटापाण्याचा प्रश्न

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत दोन प्रश्न आपली पाठ सोडत नाहीत. एक, ‘आज मेसमध्ये भाजी कसली?’ आणि दुसरा, ‘पुढे काय करणार?’ पहिल्याचं उत्तर आठवड्यातून चार दिवस ‘बटाटा’ असतं. दुसऱ्याचं उत्तरही आपण सगळ्यांनी मिळून तितकंच ठरावीक करून टाकलंय. ब्रँच मेकॅनिकल असो, सिव्हिल असो की माझ्यासारखी केमिकल, तिसऱ्या वर्षी ॲप्टिट्यूडचं जाडजूड पुस्तक आणायचं, कोडिंगचे दोन कोर्स करायचे आणि कॅम्पसला जी कंपनी पहिली येईल तिच्यासाठी टाय बांधायला शिकायचं!

मित्रांनो, या दोन्ही प्रश्नांची गाठ मारून जगणारी माणसंही आहेत बरं का! ‘माणूस जे खातो त्याचं पोटात गेल्यावर नक्की होतं काय?’ हा एकच प्रश्न धरून त्यांनी सगळं करिअर काढलं. हा लेख त्यांच्याविषयी आहे, आणि थोडासा आपल्या नोटीस बोर्डाविषयीही.

निमित्त असं झालं, की आमच्या विंगमधल्या एका मित्राने जाहीर केलं, की तो गेट देऊन फूड टेक्नॉलॉजीत एम.टेक. करणार आणि पुढे जमलं तर आतड्यातल्या जीवाणूंवर संशोधन करणार. झालं! त्या रात्री विंगमध्ये दुसरा विषयच नव्हता. ‘आचारी होणार का रे?’, ‘मग मेसचं कॉन्ट्रॅक्टच घे ना, आमचं तरी भलं होईल’, ‘एवढं इंजिनिअरिंग करून शेवटी लोकांची शी तपासणार?’ वगैरे वगैरे. थट्टा चालायचीच, होस्टेल आहे. पण थट्टा संपल्यावर एकाने अगदी गंभीरपणे विचारलं, ‘ते सगळं ठीक आहे, पण स्कोप काय?’ मित्राकडे तेव्हा उत्तर नव्हतं. मला वाटतं, या प्रश्नाला नीट उत्तर मिळायला हवं. म्हणून हा खटाटोप.

आधी विषय काय आहे ते पाहू. आपल्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू राहतात, असा हिशेब २०१६ साली इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी मांडला. माणसाच्या स्वतःच्या पेशी साधारण ३० लाख कोटी. म्हणजे आपल्या देहाच्या सोसायटीत मालकांपेक्षा भाडेकरूच थोडे जास्त! यातले बहुतेक जण मोठ्या आतड्यात असतात. आपल्याला न पचलेला कोंडा, सालं, कडधान्यांतला तंतुमय भाग त्यांच्या वाट्याला येतो. ते तो आंबवतात आणि त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट अशी छोटी आम्लं तयार होतात. यातल्या ब्युटिरेटवर तर मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी जगतात.

आता केमिकलवाल्यांनी जरा कान टवकारावेत. ठरावीक तापमान, ठरावीक पीएच, प्राणवायू जवळजवळ नाही, एकीकडून कच्चा माल येतोय, दुसरीकडून बाहेर पडतोय. ही रिॲक्टरची व्याख्या नाही तर काय आहे? बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाने १९९३ साली पाच भांडी एकापुढे एक जोडून पोटापासून मोठ्या आतड्यापर्यंतची यंत्रणा प्रयोगशाळेत उभी केली. तिचं नाव ‘शाइम’. आपण सीएसटीआर इन सीरिजची गणितं सबमिशनपुरती सोडवतो, ती तिथे खरोखर चालतात. तेव्हा ‘इंजिनिअरिंग वाया घालवणार’ हा पहिला आक्षेप इथेच निकालात निघतो.

आता माणसांकडे येऊ. या क्षेत्रातलं मोठं नाव म्हणजे अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले जेफ्री गॉर्डन. त्यांचा प्रवास मला सांगावासा वाटतो, कारण तो आपल्या कुठल्याच चौकटीत बसत नाही. १९७३ साली शिकागो विद्यापीठातून ते डॉक्टर झाले. पुढे पोटविकारांचं प्रशिक्षण घेतलं. डॉक्टर म्हणून प्रॅक्टिस करून सुखात राहता आलं असतं. पण ते प्रयोगशाळेत रमले. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींना ‘तू अमुक काम करायचं’ हे कळतं कसं, हा त्यांचा प्रश्न होता. त्यात जीवाणूंचा संबंधही नव्हता.

मग शंका आली, की आतड्यात एवढे जीवाणू आहेत, तर या पेशींच्या घडणीत त्यांचा काही हात असेल का? हे शोधायला एकही जीवाणू अंगावर किंवा पोटात नसलेले उंदीर लागतात. असे उंदीर बंद, निर्जंतुक कक्षात वाढवतात. त्यांच्या गटाने १९९६ साली अशा उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. पिल्लू असताना उंदराच्या आतड्याच्या अस्तरावर फ्युकोज नावाची साखर असते. पोटात जीवाणू नसतील तर दूध सुटल्यावर ती बनणं बंद होतं. पण बॅक्टेरॉइडीस थीटायोटाओमायक्रॉन या एकाच जातीचा जीवाणू (व्हायवात हे नाव विचारलं तर केटी पक्की!) आत सोडला, की उत्पादन पुन्हा सुरू. आणि गंमत म्हणजे हा जीवाणू ती साखर खातो. म्हणजे राहायला आलेल्या पाहुण्याने यजमानाच्या स्वयंपाकघरात थेट ऑर्डर द्यावी, असा प्रकार!

इथून त्यांची गाडी सरळ जीवाणूंच्या रुळावर आली. २००३ साली त्यांच्या गटाने त्याच जीवाणूचा संपूर्ण जीनोम वाचला. २००४ साली आणखी एक प्रयोग आला. जीवाणूरहित उंदरांपेक्षा नेहमीसारख्या वाढवलेल्या उंदरांच्या अंगावर ४२ टक्के जास्त चरबी निघाली, आणि तीही २९ टक्के कमी खाऊन! कॅलरीचा हिशेब फक्त ताटात होत नाही, आतड्यातही होतो, हे त्यातून पुढे आलं.

एवढ्यावर थांबले असते तरी नाव झालंच असतं. लठ्ठपणावर औषध काढू म्हणणाऱ्या कंपन्यांची अमेरिकेत काय कमी? पण गॉर्डन वळले ते भुकेकडे. आफ्रिकेतल्या मलावी देशात त्यांच्या गटाने तिथल्या डॉक्टरांबरोबर ३१७ जुळ्या जोड्यांवर पहिली तीन वर्षं लक्ष ठेवलं. एकाच घरात, एकाच चुलीवरचं खाऊनही काही जोड्यांत एक मूल क्वाशिओरकोरने, म्हणजे अंगावर सूज आणणाऱ्या कुपोषणाने आजारी पडत होतं आणि दुसरं ठणठणीत राहत होतं. आजारी भावंडाच्या पोटातले जीवाणू जीवाणूरहित उंदरांत सोडून त्यांना मलावीतला आहार दिला, तर काही जोड्यांच्या बाबतीत उंदीरही झरझर वाळले. २०१३ साली हे प्रसिद्ध झालं. दोष एकट्या जेवणाचा नव्हता आणि एकट्या जीवाणूंचाही नव्हता, दोघांची जोडी जमली की घात होत होता.

मग पुढचा प्रश्न आपोआपच आला. जेवण असं बनवता येईल का, की ते मुलालाही पोसेल आणि त्याच्या पोटातल्या कामाच्या जीवाणूंनाही? यासाठी त्यांनी हात मिळवला तो ढाक्यातल्या आयसीडीडीआर-बी या संस्थेशी. १९६० साली कॉलऱ्याच्या अभ्यासासाठी सुरू झालेली ही संस्था. जुलाबात आपण जे मीठ-साखरेचं पाणी पितो, त्या ओआरएसच्या जन्मातही तिचा मोठा वाटा आहे. तिथले डॉक्टर ताहमीद अहमद कुपोषित मुलांवर अनेक वर्षं काम करत होते. दोघांच्या गटांनी ढाक्याच्या मीरपूर वस्तीतल्या निरोगी मुलांच्या शीचे नमुने दर महिन्याला गोळा केले आणि कुठल्या वयात कुठले जीवाणू पोटात येतात याचं वेळापत्रकच मांडलं. कॉम्प्युटरवाल्यांनो, हे वेळापत्रक ‘रँडम फॉरेस्ट’ने काढलंय. तोच अल्गोरिदम, जो आपण मिनी प्रोजेक्टमध्ये घरांच्या किमतींवर चालवतो. कुपोषित मुलांच्या पोटातले जीवाणू त्यांच्या वयाच्या मानाने मागे पडलेले दिसले, आणि नेहमीचा उपचाराचा आहार दिला तरी ते तात्पुरतेच पुढे सरकत होते. हे २०१४ साली छापून आलं.

त्यानंतर खरं अन्नशास्त्र सुरू झालं. तिथे खाल्ले जाणारे, परवडणारे पदार्थ घेऊन ते उंदरांवर, मग डुकराच्या पिल्लांवर आणि शेवटी थोड्या मुलांवर तपासले. त्यातून जी कृती निवडली तिच्यात काय होतं माहितीये? चण्याचं पीठ, शेंगदाण्याचं पीठ, सोयाबीनचं पीठ आणि कच्ची केळी! वर तेल, साखर आणि जीवनसत्त्वं-खनिजांचं मिश्रण. मीरपूरमधल्या १२ ते १८ महिन्यांच्या १२३ कुपोषित मुलांवर तीन महिने चाचणी झाली. अर्ध्यांना हा आहार, अर्ध्यांना तांदूळ-मसूर-दूध पावडरचा नेहमीचा पूरक आहार. नव्या आहारात कॅलरी साधारण १५ ते २० टक्के कमी होत्या, तरीही त्या मुलांची वाढ जास्त वेगाने झाली. हा निकाल २०२१ साली प्रसिद्ध झाला. चाचणी लहान होती हे खरं, कुपोषणाचा प्रश्न काही त्याने मिटलेला नाही. पण दिशा सापडली. निकाल आला तेव्हा गॉर्डन यांनी सत्तरी ओलांडली होती. १९९६च्या त्या साखरेपासून मोजली तर २५ वर्षं!

आता मला सांगा, या माणसाची ‘ब्रँच’ कुठली? मेडिकल? जेनेटिक्स? फूड? डेटा? आपल्याकडे बारावीच्या गुणांवर ब्रँच मिळते आणि पुढे आपण तीच आपली जात असल्यासारखे वागतो. या माणसाने प्रश्न पक्का धरला आणि त्याच्यासाठी जी विद्या लागेल ती शिकला, किंवा ती येणाऱ्यांना बरोबर घेतलं.

‘अमेरिकेत जमतं रे, आपल्याकडे नाही’ असं कुणीतरी म्हणणारच. त्यांच्यासाठी आपल्याच मातीतलं उदाहरण देतो. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी.ला पहिल्या आल्या आणि १९३३ साली बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला. तेव्हाचे संचालक सी. व्ही. रामन यांनी केवळ बाई म्हणून प्रवेश नाकारला. बाई हटल्या नाहीत. अटी घालून का होईना, प्रवेश मिळवला आणि दूध, डाळी, कडधान्यं यांतल्या प्रथिनांवर काम केलं. पुढे केंब्रिजला बटाट्यावर काम करताना वनस्पतींतल्या सायटोक्रोम-सी या घटकाचा शोध लावला आणि १९३९ साली पीएच.डी. मिळवली. (आपण ज्या बटाट्याला नावं ठेवतो त्याच्यावर केंब्रिजची डॉक्टरेट आहे, हे मेसमध्ये ताट सरकवताना लक्षात ठेवावं!) मग परत येऊन मुंबईच्या विज्ञान संस्थेत नीरा, गूळ, कडधान्यं अशा गरिबाच्या ताटातल्या गोष्टींच्या पोषणमूल्यावर त्यांनी अनेक वर्षं काम केलं. नीरेवरच्या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला. त्यांच्या काळात पोटातले जीवाणू मोजायची यंत्रं नव्हती. पण प्रश्न तोच होता, कमी पैशात माणसाचं शरीर कसं उभं राहील?

आणि ज्यांना आयटीच करायचंय त्यांनाही हा रस्ता बंद नाही. टाटा कन्सल्टन्सीच्या संशोधन विभागात डॉ. शर्मिला मांडे यांच्या नेतृत्वाखालच्या गटाने आतड्यातल्या जीवाणूंची माहिती उकलणारी सॉफ्टवेअर्स लिहिली. पुण्याच्या एनसीसीएसमध्ये जीवाणूंचा राष्ट्रीय संग्रह आहे. म्हैसूरची सीएफटीआरआय १९५० पासून अन्न-तंत्रज्ञानाचं काम करते आहे. गेटच्या एक्सई पेपरमध्ये फूड टेक्नॉलॉजीचा स्वतंत्र विभाग आहे. म्हणजे दारं आहेत. आपण ती ढकलून बघत नाही, एवढंच.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर हा लेख म्हणजे नुसती भाषणबाजी होईल. हा रस्ता लांबचा आहे. एम.टेक.ला गेटवर महिना १२,४०० रुपये मिळतात. पीएच.डी.च्या जेआरएफची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० झाली, पण ती दर महिन्याला वेळेवर हातात पडेलच याची खात्री कुणी देत नाही. ज्याच्या घरी कर्जाचा हप्ता तोंड वासून बसलाय, त्याला ‘प्रश्न धरून बस’ असं सांगणं सोपं नाही. माझ्यावरही शैक्षणिक कर्ज आहे. बाबांच्या निवृत्तीला तीन वर्षं उरलीत. त्यामुळे मी प्लेसमेंटला बसणार आहे आणि मिळेल ती नोकरी घेणार आहे. त्यात मला कमीपणा वाटत नाही, आणि तसा तो कुणाला वाटूही नये. शिवाय ‘गट हेल्थ’ची सध्या फॅशन आहे. जाहिरातीतली प्रत्येक गोळी आणि प्रत्येक डबा म्हणजे विज्ञान नव्हे. नुसत्या फॅशनच्या मागे या क्षेत्रात जाणारा दोन वर्षांत तोंडघशी पडेल.

पण मला जे खटकतं ते वेगळंच आहे. आपल्या टी अँड पीच्या बोर्डावर तीन रकाने असतात: एलिजिबल, प्लेस्ड, अनप्लेस्ड. गेट देऊन एम.टेक.ला गेलेल्याचं नाव कुठल्या रकान्यात पडतं? अनप्लेस्ड! चार महिने रात्री दोनपर्यंत रीडिंग रूममध्ये बसून ज्याने चांगला स्कोअर काढला, त्याच्या नावापुढे आपण जाहीरपणे ‘न खपलेला माल’ असा शिक्का मारतो. आणि गंमत बघा, नॅकची समिती आली, एनआयआरएफची माहिती भरायची वेळ आली, की हीच नावं ‘उच्च शिक्षणासाठी गेलेले विद्यार्थी’ म्हणून फायलीत मोठ्या अभिमानाने जातात. समितीपुढे भूषण आणि आपल्याच जिन्याखाली ओझं! त्या बोर्डासमोरून ज्युनिअर्स रोज जातात. त्यांना कुणी वेगळं सांगायची गरजच उरत नाही, बोर्डच सांगतो.

म्हणून माझं सरांना आणि मॅडमना नम्र सांगणं आहे. पहिलं, बोर्डावर चौथा रकाना काढा: उच्च शिक्षण व संशोधन. खर्च शून्य. फक्त एक उभी रेघ मारायची आहे. दुसरं, फायनल इयरच्या प्रोजेक्टला दोन ब्रँचच्या मुलांचा एक ग्रुप आणि दोन गाइड चालतील, असं करा. आज केमिकलच्या मुलाला कॉम्प्युटरचा पार्टनर घ्यायचा म्हटलं तर सहा सह्या लागतात, आणि सातवी सही मिळेपर्यंत टॉपिक सबमिशनची तारीख निघून जाते. तिसरं, कॅम्पसला कंपन्यांचे एचआर येतात तसे वर्षातून दोनदा संशोधन संस्थांतले लोकही बोलवा. पुणे, मुंबई काही लांब नाही. आपल्याच कॉलेजातून शिकून संशोधनात गेलेले सिनिअर्स बोलवले तर आणखी बरं. पगार किती, त्रास किती, मजा किती, हे त्यांच्या तोंडून ऐकू दे मुलांना. मग ज्याला जायचं तो डोळे उघडे ठेवून जाईल आणि ज्याला नाही जायचं तो निदान दुसऱ्याला ‘आचारी’ तरी म्हणणार नाही.

आणि आपल्यासाठी, म्हणजे होस्टेलवाल्यांसाठी एकच. पुढच्या वेळी कुणी मित्र काहीतरी भलतंच करायचंय म्हणाला, तर ‘स्कोप काय?’ विचारण्याआधी ‘प्रश्न काय?’ एवढं विचारून बघा. उत्तर देताना त्याचा चेहरा कसा होतो तेही बघा. चेहरा फुलला तर त्याला गेटची जुनी पुस्तकं द्या, नोट्स द्या, परीक्षेच्या सकाळी सहा वाजता उठवा. आणि उत्तरच आलं नाही, तर त्यालाही दोन महिने विचार करू द्या, लगेच हसू नका. ज्यांना परिस्थितीमुळे थांबता येत नाही त्यांनी थांबू नये. पण ज्याला थांबणं परवडतं, त्याला निदान आपल्या हसण्यापायी तरी परत फिरावं लागू नये. चणे, शेंगदाणे आणि कच्ची केळी घेऊन मुलांचं कुपोषण हटवायला निघालेल्या माणसांना त्यांच्या होस्टेलवर कुणी काय म्हटलं असेल, देव जाणे!

बघा, पटतंय का. पटलं तर टी अँड पीच्या बोर्डासमोर भेटू. खडू मी आणतो.